पंपावर कॅश दिली की "सुट्टे नाहीत, पाचशेचंच टाकतो". याचं काय करायचं?

कृष्णाकाठ:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, परवा जे झालं त्यानंतर राहवलं नाही.

आमचे नाना ७४ वर्षांचे आहेत, कराडजवळ गावात राहतात, मी पुण्यात असते. त्यांची जुनी स्कूटर आहे आणि आठवड्यातून दोनदा ते कराडला येतात, दवाखाना, बँक, बाजार काय असेल ते. फोन साधा बटणांचा. सगळा व्यवहार रोखीने, आणि तोही अगदी मोजून मापून, कुठल्या खिशात औषधाचे, कुठल्या खिशात पेट्रोलचे हे ठरलेलं असतं. पेन्शन एटीएममधून काढली की मशीन देतं पाचशेच्याच नोटा, म्हणजे तिथूनच सुरुवात.

परवा पंपावर गेले, पोराला सांगितलं तीनशेचं टाक, आणि पाचशेची नोट दिली. तो म्हणाला आजोबा सुट्टे नाहीत, पाचशेचंच टाकतो. नाना अरे थांब थांब, मला गोळ्या घ्यायच्यात असं म्हणेपर्यंत त्याने मशीनवर पाचशे दाबून नोझल चालू पण केला होता. टाकीत थोडं आधीचं होतंच, त्यामुळे पार तोंडापर्यंत आलं, थोडं बाहेर सांडलं, मागे सात-आठ गाड्या हॉर्न मारत होत्या आणि नाना गाडी ढकलत बाजूला झाले. टाकीत गेलेलं पेट्रोल काही परत घेता येत नाही. मेडिकलवाला ओळखीचा म्हणून त्याने बीपीच्या गोळ्या उधार दिल्या. पण ज्या माणसाने आयुष्यात किराणा दुकानात वही लावली नाही त्याला दोनशे रुपयांसाठी "नंतर देतो" म्हणावं लागलं, हे त्यांना इतकं लागलंय की रात्री नीट जेवले पण नाहीत. फोनवर मला सांगताना आवाज बदलला होता त्यांचा.

आणि हे पहिल्यांदा नाही. महिन्यापूर्वी दहाची नाणी घेतली नाहीत, "चालत नाहीत" म्हणून. त्याआधी एकदा १९० चं टाकून दोनशे घेतले आणि वरचे दहा दिलेच नाहीत, नाना दोन मिनिटं हात पुढे करून उभे होते.

मला विचारायचंय की सुट्टे ठेवणं ही नक्की कुणाची जबाबदारी? गिऱ्हाइकाने सांगितलेल्यापेक्षा जास्त टाकलं तर पैसे द्यायलाच लागतात का? आणि तक्रार करायची तर कुठे? कुणी केलीय का, काही उपयोग होतो का?

राजे_पुणे:

ताई सरळ नानांना यूपीआय करून द्या ना. मी तीन वर्षांत पंपावर नोट काढली नाही, स्कॅन केलं, निघालो. अगदी साध्या फोनवरून पण होतं आता, रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच १२३पे म्हणून सुरू केलंय, इंटरनेट लागत नाही.

कृष्णाकाठ:

राजे, तुम्ही चांगल्या भावनेनेच सांगताय. १२३पे चा प्रयत्न केला होता. नानांना डाव्या कानाने ऐकू येत नाही, फोनवर ती बाई पर्याय सांगते तोपर्यंत त्यांचा बटणांचा गोंधळ होतो, आणि पिन कुणाच्या समोर दाबायचा म्हटलं की त्यांचा हात थरथरतो, दोनदा चुकीचा दाबला की ते फोन माझ्या हातात देतात. आणि खरं सांगू का, त्यांनी का शिकावं असंही मला वाटतं. त्यांच्याकडे सरकारने छापलेली नोट आहे, खोटी नाही, फाटलेली नाही. ती घेऊन सामान देणं एवढंच तर मागणं आहे.

तीनचाकी:

ताई तुमच्या नानांचं वाचून वाईट वाटलं. मी पिंपरीत रिक्षा चालवतो, आमचं दुखणं अजून वेगळं. पेट्रोलला निदान तुम्ही सांगू शकता की तीनशेचं टाक, तसा आकडा दाबता येतो. सीएनजीला तसं कोणी करत नाही. गॅस प्रेशरवर भरतो, सिलिंडर भरला की मशीन आपोआप थांबतं आणि आकडा येतो २८७.४०, ३१२.६५ असला कायतरी. रोज वेगळा. आता हे पैसे बरोब्बर कोण देणार? तीनशे दिले की वरचे बारा रुपये कधी मिळतात, कधी दहाच मिळतात, आणि दोन-तीन रुपये तर धरायचेच नाहीत असा नियम झालाय. मागे तासभराची लाईन असते, तिथं दोन रुपयासाठी भांडलं की मागचेच शिव्या देतात, पंपवाला तर बोलतच नाही.

दोन रुपयाचं काय एवढं असं लोक म्हणतात. रोजचे ३ धरा, महिन्याचे २५ दिवस धरा, वर्षाला ९०० रुपये होतात. माझ्या पोरीचा वह्या-पुस्तकांचा खर्च आहे तो. आणि आम्ही पॅसेंजरला दोन रुपये कमी दिले तर तो नंबरप्लेटचा फोटो काढतो.

मी स्कॅन करतो की कधीकधी. पण पॅसेंजर रोख देतात ते पैसे दिवसभर खिशात साठतात, ते बँकेत भरायला अर्धा दिवस घालवू का? धंद्यातली रोख गॅसमध्येच जाते, हाच तिचा रस्ता आहे.

नोझल_ते_हिशोब:

मी पंपावर काम करतो, ९ वर्षं झाली. आधी पाच वर्षं नोझलवर होतो, आता शिफ्टचा हिशोब बघतो. तुमच्या नानांसोबत झालं ते चूकच आहे, त्यात काही सारवासारव करत नाही. गिऱ्हाईक हो म्हणल्याशिवाय नोझल दाबायचा नाही हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात. सांगितलं तीनशे आणि टाकलं पाचशेचं, तर वरच्या दोनशेची भांडण करायची जागा मॅनेजरची खोली आहे, तिथे नानांचं म्हणणं बरोबरच धरलं गेलं असतं.

पण सुट्टे का नसतात ते एकदा सांगू द्या, कारण लोकांना वाटतं आम्ही मुद्दाम दाबून ठेवतो.

सकाळी शिफ्ट चालू होताना पोराच्या हातात थोडे सुट्टे देतात, दहा, वीस, पन्नासच्या नोटा, मिळून हजार-दीड हजार. पूर्वी ते पुरायचे कारण दिवसभर सुट्टे येत पण होते. कॉलेजची पोरं शंभरचं टाकायची आणि शंभरची नोट द्यायची, कोणी दोन पन्नास द्यायचं, दूधवाला सगळी चिल्लर आणायचा. आता शंभर-दोनशेवाले सगळे स्कॅन करतात. रोख येते ती फक्त पाचशेची. म्हणजे बाहेर जातात सुट्टे आणि आत येतात पाचशे. नऊ वाजेपर्यंत पोराचा खिसा रिकामा होतो. हे गेल्या पाच-सहा वर्षांत झालंय आणि दरवर्षी वाढतंय. जे रोखीवर राहिलेत त्यांना सुट्टे मिळणं अवघड झालंय ते या कारणाने, कुणाचा एकट्याचा दोष नाही.

दुसरं म्हणजे शॉर्ट. शिफ्ट संपली की नोझलचं रीडिंग बघतात, संध्याकाळचं वजा सकाळचं, तेवढे लिटर गुणिले दर. तेवढी रक्कम रोख अधिक स्कॅन अधिक कार्ड मिळून आली पाहिजे. नाही आली तर पोराच्या पगारातून. खोटी नोट लागली तरी त्याच्याच माथी. म्हणून पोरं नोट उलटसुलट करून बघतात, टेप लावलेली नाकारतात, गिऱ्हाइकाला राग येतो पण त्या पोराला संध्याकाळ दिसत असते. मी स्वतः एकदा पाचशेची खोटी नोट घेतली होती गर्दीत. तेव्हा पाचशे म्हणजे माझा दीड दिवसाचा पगार.

२०१६ ला ८ नोव्हेंबरनंतर पंपावर जुन्या नोटा चालत होत्या, पाचशेच्या २ डिसेंबरपर्यंत घेतल्या आम्ही. ते पंचवीस दिवस आठवले तरी नको वाटतं, लोक पन्नासचं पेट्रोल टाकून पाचशेची जुनी पुढे करायचे, कारण बाहेर ती कुठेच चालत नव्हती. तीच गोष्ट मे २०२३ मध्ये, दोन हजारची परत घेणार म्हटल्यावर. शंभरचं टाक आणि १९०० परत दे! कुठून देणार? तेव्हापासून "सुट्टे नाहीत" हे वाक्य पोरांच्या तोंडात बसलंय, असले तरी आधी नाहीच म्हणतात. आणि हो, काही जण दोन-पाच रुपये मुद्दाम ठेवतात, हे खोटं नाही, मी बघितलंय, ओरडलोय पण.

नानांना सांगा, गाडी लावल्यावर टाकीचं झाकण उघडायच्या आधी नोट दाखवायची आणि विचारायचं, पाचशे आहेत, तीनशेचं टाकायचं, दोनशे परत देशील का. नाही म्हणला तर झाकण उघडायचंच नाही, ऑफिसमध्ये जायचं, तिथे ऑइल विकतात त्या काउंटरला बहुतेक वेळा सुट्टे असतात. आणि एकाच पंपावर जात असतील तर मॅनेजरशी ओळख करून द्या. आमच्याकडे काही म्हातारी माणसं आहेत, सुट्टे नसले तर उरलेल्या पैशाची चिठ्ठी सही करून देतो, पुढच्या खेपेला त्यातलं टाकतो.

राजे_पुणे:

दादा, हे सुट्टे येणं बंद झालं म्हणून जाणं अवघड झालं, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. मी स्कॅन करतो म्हणजे माझ्यापुरता प्रश्न सुटला असं धरून चाललो होतो. वरचं माझं उत्तर घाईत दिलं, ताई.

आणि यूपीआयवर पूर्ण भरवसा ठेवण्यात पण अर्थ नाही हे मला मान्य करावं लागेल. मे २०२५ मध्ये विदर्भातल्या पंपवाल्यांनीच १० तारखेपासून ऑनलाइन पैसे घेणार नाही असं जाहीर केलं होतं, कारण कुणीतरी फसवणुकीच्या पैशातून पेट्रोल टाकायचं आणि सायबर पोलिसांच्या सांगण्यावरून खातं गोठायचं पंपवाल्याचं. आणि मागच्या पावसाळ्यात ताम्हिणीच्या अलीकडे आमच्या मित्राचे पैसे कट झाले, पंपाच्या डब्यावर "प्राप्त झाले" वाजलंच नाही, रेंज नव्हती, पाऊण तास थांबवून ठेवलं होतं त्याला, शेवटी बायकोच्या पर्समधली रोख दिली.

दूरदेशी:

मी मूळची सांगलीची, आठ वर्षं टेक्सासमध्ये आहे. इकडे सुट्ट्यांचं दुखणं नाही पण रोख देणाऱ्याचे हाल वेगळ्या तऱ्हेने. पंपावर माणूस नसतो, आपणच भरायचं. कार्ड असेल तर तिथल्या तिथे होतं. रोख असेल तर आधी आत दुकानात जायचं, लॉटरीची तिकिटं घेणाऱ्यांच्या मागे उभं राहायचं, "सात नंबरवर तीस डॉलर" सांगून पैसे द्यायचे, बाहेर येऊन भरायचं, आणि टाकी सव्वीसलाच भरली की उरलेले चार घ्यायला परत आत. गाडीत लहान मूल झोपलेलं असेल तर काय करायचं सांगा.

आई-बाबा आले होते तेव्हा बाबांनी हौसेने म्हटलं आज पेट्रोल माझ्याकडून. त्यांचं भारतातलं कार्ड लावलं तर मशीन झिप कोड मागतं, म्हणजे इथला पाच आकडी पिनकोड. भारतातल्या कार्डाला तो कुठून असणार. तीन पंपांवर नकार आल्यावर बाबा गप्प झाले. शेवटी रोख डॉलर घेऊन आत गेले, त्या माणसाचं इंग्रजी बाबांना कळेना, बाबांचं त्याला कळेना, आणि पंप नंबर बघायचाच राहिला होता म्हणून परत बाहेर आले. कृष्णाकाठ, तुझ्या नानांचा आवाज बदलला म्हणालीस ना, मला बाबांचा तो चेहराच आठवला.

न्यू जर्सीत मात्र वेगळं आहे. तिथे १९४९ पासूनचा कायदा आहे, गिऱ्हाइकाने स्वतः भरायचं नाही, माणूसच भरतो. नोट खिडकीतून द्यायची, सुट्टे खिडकीतूनच घ्यायचे. आणि बऱ्याच पंपांवर दोन दर लिहिलेले असतात, रोखीचा कमी आणि क्रेडिट कार्डाचा जास्त, कारण कार्ड कंपनीला द्यावा लागणारा पैसा वाचतो. रोख देणारा तिथे फायद्यात.

खातेवही:

बँकेतून निवृत्त झालो, ३४ वर्षं नोकरी, त्यातली बरीच कॅशला. ताईंनी विचारलेल्यातलं मला पक्कं माहीत आहे तेवढं सांगतो.

दहाचं नाणं चालत नाही असं म्हणणारा सरळ चुकीचा आहे. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय की दहाच्या नाण्यांचे १४ प्रकार आहेत आणि चौदाही चालतात, रुपयाचं चिन्ह असो नसो. नाणी कायदा २०११ चा आहे, त्यात एक रुपया आणि वरची नाणी एका वेळी १००० रुपयांपर्यंत कायदेशीर चलन आहेत. म्हणजे नानांनी तीनशे रुपये सगळे दहाच्या नाण्यांत दिले तरी ते चलनच आहे. ५० पैसे सुद्धा अजून बंद नाहीत, बंद झाले ते २५ पैसे आणि खालचे, जून २०११ अखेर. फाटकी नोट पंपाने नाकारली तर वाद घालू नका, कुठल्याही बँकेच्या शाखेत बदलून मिळते, तिथे खातं असायला लागत नाही.

एटीएममधून पाचशेच निघतात हे मुळातलं कारण आहे ना, त्यावर रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये बँकांना सांगितलंय, सप्टेंबर २०२५ पर्यंत ७५ टक्के आणि मार्च २०२६ पर्यंत ९० टक्के एटीएममध्ये निदान एक कप्पा शंभर किंवा दोनशेचा असायला हवा. त्यामुळे नानांनी ५००० काढायचे असतील तर एकदम न काढता ४०० किंवा ९०० असा आकडा टाकून बघा, मशीनमध्ये लहान नोटा असतील तर त्या द्याव्याच लागतात तिला. त्याहून सोपं म्हणजे काउंटरवर स्लिप भरून शंभराच्या मागायच्या. सकाळी लवकर जा, कॅशियरला शांतपणे सांगा. देत नाही म्हणला तर मॅनेजर.

तक्रारीचं म्हणाल तर पंपावर तक्रार पुस्तक ठेवावंच लागतं आणि मागितलं की द्यावं लागतं. तेल कंपनीच्या विभागीय सेल्स ऑफिसरचा नंबर बोर्डावर लावलेला असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. ग्राहक हेल्पलाइन १९१५. पण त्यासाठी पावती लागते, आणि दुचाकीवाले पावती कधीच मागत नाहीत. नानांना पावती मागायची सवय लावा, मशीन मिनिटात छापून देतं, त्यावर वेळ, नोझल आणि रक्कम सगळं येतं.

तीनचाकी:

काका एक विचारतो. सगळे सांगतात पंपावर रुपयात मागू नका, लिटरमध्ये मागा म्हणजे फसवणूक होत नाही. तीन लिटर म्हणलं की तीनशेच्या वर काहीतरी रुपये आणि वर पैसे असं होतं, मग परत सुट्ट्याचंच. काय करावं माणसाने?

नोझल_ते_हिशोब:

दादा, मशीनला रुपये काय आणि लिटर काय, मोजमाप एकच असतं. शंभर-दोनशेच्या आकड्यावर कमी येतं, म्हणून ११०, २१० मागायचं, हे पण लोकांनी मनात धरलंय आणि त्यात दहा रुपयाचं सुट्ट्याचं लफडं वाढलंय. शंका असेल तर पाच लिटरचं माप मागा, वैधमापनवाल्यांचा शिक्का असलेलं प्रत्येक पंपावर असतं, त्यात मोजून दाखवायला आम्ही बांधील आहोत. पाच लिटरला २५ मिली पर्यंत फरक चालतो, त्याहून कमी भरलं तर तो नोझल बंद करायला लागतो. मापाची खात्री तिथे करा आणि रोख देताना रुपयातच मागा, सरळ शंभराच्या पटीत. २०१७ च्या जूनपासून दर रोज बदलू शकतो, त्याआधी १ आणि १६ तारखेला बदलायचा. लिटरचा हिशोब तोंडपाठ ठेवणं आता कुणालाच जमत नाही.

कृष्णाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. आज शनिवार म्हणून गावी आले आणि नानांना घेऊन त्या पंपावर जाऊन आले.

तक्रार पुस्तक मागितलं तर आधी "साहेब नाहीत" झालं. मी म्हटलं थांबते. दहा मिनिटांनी मॅनेजर आले. मी भांडले नाही, फक्त काय झालं ते क्रमाने सांगितलं, सांडलेल्या पेट्रोलसकट. त्यांनी त्या पोराला बोलावलं. विशीतला असेल, कामावर येऊन पाचवा दिवस. मॅनेजर त्याला सगळ्यांसमोर बोलायला लागले तर नानांनीच हात वर करून थांबवलं, म्हणाले त्याला नका बोलू, सकाळी त्याच्या हातात सुट्टे किती देता ते सांगा. मॅनेजर म्हणाले पाचशेचे. पाचशे रुपयांचे सुट्टे, पूर्ण शिफ्टला, दोन नोझलवर! मग नानांनी तक्रार पुस्तक घेतलं आणि स्वतःच्या अक्षरात तेच लिहिलं, की पोरांना सुट्टे कमी दिले जातात म्हणून गिऱ्हाइकाची अडचण होते, ते वाढवावेत. पोराचं नाव लिहिलं नाही. खाली सही, गाव, तारीख. दोनशे काही परत मिळाले नाहीत, पेट्रोल गाडीतच आहे म्हणून नानांनी मागितले पण नाहीत. मेडिकलवाल्याची उधारी मात्र येताना पहिली चुकती केली.

सेल्स ऑफिसरच्या नंबरचा फोटो काढलाय. सोमवारी रजा टाकलीय, नानांना घेऊन बँकेत स्लिप भरून शंभराच्या नोटा मागणार आहे. देतात की नाही ते इथेच लिहीन.